गारवेलीचं गोत: ओळखायचं कसं, वापरायचं काय

पावसाळा निम्म्यावर आला की कुंपणाच्या तारेवर, शेताच्या बांधावर, पडक्या भिंतीवर पुंगळीसारखी फुलं दिसायला लागतात. निळी, जांभळी, गुलाबी, पांढरी. सकाळी टवटवीत, दुपारी मिटून लोळागोळा. कुणालाही विचारा, "गारवेल आहे" एवढंच उत्तर मिळतं. या एका नावावर निदान दहा-बारा निरनिराळ्या वेली खपून जातात. त्यातली एक ताटात येते, एकीच्या मुळीने पोट धुऊन निघतं, एकीच्या बियांनी डोकं फिरतं आणि एक समुद्रकाठची वाळू धरून बसते. फुलं मात्र सगळ्यांची बहिणी-बहिणींसारखी. म्हणून नवख्यांना माझं पहिलं सांगणं असतं की फुलावरून घराणं कळतं, वेल कळत नाही. वेल ओळखायची ती पानावरून, देठावरून आणि ती उगवलेल्या जागेवरून. उपयोगाचं बोलायचं ते त्यानंतर.

हा लेख महाराष्ट्रात फिरताना दिसणाऱ्या वेलींपुरता आहे. सोबत एक भिंग, एक वही, छोटी फूटपट्टी आणि फोन असला की झालं. ऑगस्ट ते डिसेंबर हे महिने उत्तम. निघायचं सकाळी, आठच्या आत, कारण अकरानंतर बहुतेक फुलं मान टाकतात.

पहिली पायरी: घराणं पक्कं करा

उमललेलं फूल तोडू नका, वेलीवरच बघा. पाकळ्या सुट्या नसतात, सगळं मिळून एकच नरसाळं असतं. त्यावर मधून कडेपर्यंत जाणारे पाच पट्टे दिसतील, छत्रीच्या काड्यांसारखे. शेजारची कळी बघितलीत तर तीही मिटलेल्या छत्रीसारखी, पीळ घातलेली. फुलाच्या पाठीशी पाच हिरवी संदलं (कळीला झाकणारी पानासारखी दलं), आत पाच पुंकेसर. पानं एकाआड एक. फळ म्हणजे छोटंसं बोंड, आत बहुधा चार बिया. बऱ्याच वेलींचं पान खुडलं की पांढरा चीक येतो. एवढं जुळलं तर तुम्ही कन्व्हॉल्व्ह्युलेसी कुळात आहात. मराठीत याला हरिणपदी कुल म्हणतात.

तोतये दोन-तीनच आहेत. धोतऱ्याचं फूल नरसाळ्यासारखं, पण ते झुडूप आणि बोंड काटेरी. गोकर्णाची वेल आणि निळं फूल बघून हमखास फसगत होते, पण तिला शेंग येते, ती वाटाण्याच्या कुळातली. थनबर्जिया या बागेतल्या वेलीची पानं समोरासमोर असतात, तिथेच ती बाद.

भिंग असेल तर फुलाच्या पोटात डोकावून एक गंमत बघा. स्त्रीकेसराचं टोक गोल, मण्यासारखं असेल तर बहुतेक आयपोमिया (बऱ्याचशा गारवेलींचं शास्त्रीय नाव) किंवा तिच्या जवळची कुणी. टोकाला दोन बारीक जिभा असतील तर कन्व्हॉल्व्ह्युलस. आणि दांडेच दोन, प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे, तर ती विष्णुक्रांत, म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस. शंखपुष्पीचा घोळ सोडवताना हे कामाला येतं.

दुसरी पायरी: आता फूल विसरा

वहीत प्रत्येक वेलीसाठी एक पान ठेवा आणि या क्रमाने लिहा: जागा कुठली (पाणी, वाळू, काळी जमीन, झाडी), खोड कसं (पोकळ, भरीव, गोल, कोनदार), पानाचा आकार आणि लांबी-रुंदी, पानाची पालथी बाजू, लव, चीक. सगळ्यात शेवटी फूल. हा क्रम माझ्या फजितीतून आलेला आहे.

पहिल्याच वर्षी मी फांद नावाच्या रानभाजीच्या वेलीची कोवळी पानं म्हणून पिशवीभर पाला खुडून आणला होता. पान हृदयाच्या आकाराचं, मागून रुपेरी, मला शंकाच नव्हती. शेजारच्या मावशी भाजी निवडायला बसल्या, एक पान उलटं करून अंगठ्याने चोळलं आणि म्हणाल्या, "अरे, ही फांद नाही. ही घोंगडी आहे घोंगडी! फांदीच्या पानाला कधी एवढी लोकर असते का?" ती समुद्रशोकाची पानं निघाली. दोघी एकाच कुळातल्या, दोघींचं पान हृदयाकृती, दोघींची पाठ रेशमी. पण फांदीचं पान तळहातात मावतं, मागची लव आखूड आणि चिकटून बसलेली. समुद्रशोकाचं पान वाढत वाढत फूटभर होतं आणि मागे पांढऱ्या लोकरीचा जाड थर. फुलं आली असती तर प्रश्नच नव्हता: फांदीचं पांढरं, लांब नळीचं, रात्री उमलणारं आणि सुगंधी, समुद्रशोकाचं गुलाबी-जांभळं, घोसात. पण भाजी खुडतात ती फुलं यायच्या आधी. सगळी अडचण तिथेच आहे.

तिसरी पायरी: घरचे कोण, पाहुणे कोण

परंपरेने चालत आलेले उपयोग शोधायचे तर वेल इथलीच आहे की बाहेरून आलेली, हे माहीत असलेलं बरं. बागेतली लाल चांदण्यांची गणेशवेल अमेरिका खंडातली. रताळंही तिकडचंच. पोर्तुगीजांच्या काळात आलं आणि उपासाच्या ताटात असं बसलं की आता त्याला परकं म्हणायची सोय नाही. कुंपणावर सर्रास दिसणारी निळी गारवेल, आयपोमिया निल, हिचंही मूळ अमेरिकेतच मानतात, जरी आशियात ती शेकडो वर्षं नांदते आहे.

आणि बेशरम. तळ्याकाठी, नाल्याकडेला गुलाबी फुलांचं जे माजलेलं झुडूप दिसतं ते आयपोमिया कार्निया, दक्षिण अमेरिकेतलं. फांदी तोडून टाकली तरी चिखलात रुजते, म्हणून हे नाव. हिच्या पाल्यात स्वेन्सोनीन नावाचं विष असतं. शेळ्या सतत खात राहिल्या तर झिंगतात, पाय लटपटतात, पुढे मरतातही. कुंपणाला आणि सरपणाला लोक वापरतात. मी तेवढंही सुचवणार नाही, कारण एकदा पाण्याकाठी शिरली की निघत नाही.

इथल्या म्हणाव्यात अशा वेली या: नाळी, फांद, निशोत्तर, समुद्रशोक, मर्यादवेल, उंदीरकानी, विष्णुक्रांत, शंखपुष्पी, आमटीवेल, अमरवेल. गव्हाच्या शेतात त्रास देणारी हरणपदी ऊर्फ चांदवेलसुद्धा याच गोतातली. तिची मुळं इतकी खोल जातात की खुरपणाऱ्यांनी तिला शिव्याच द्याव्यात.

चौथी पायरी: ज्या खाता येतात

सुरुवात नाळीपासून करा. आयपोमिया ॲक्वाटिका, संस्कृतात कलंबी, उत्तरेत आणि बंगालात कलमी साग. तळ्यात, भाताच्या खाचराकडेला पाण्यावर पसरते. खोड मोडून बघा, आत पोकळ नळी दिसेल. नाव त्यावरूनच, आणि ती पाण्यावर तरंगते तीही त्या हवेमुळे. पेरापेरांवर मुळं फुटतात, पान बाणाच्या टोकासारखं, फूल पांढरं किंवा फिकट जांभळं, घशाशी गडद. त्याच तळ्याकाठी बेशरमही उभी असते, म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नाळी लोळते, बेशरम ताठ उभी राहते आणि तिचं खोड लाकडासारखं होतं. शंका आली तर हात लावू नका.

नाळीला दोन पथ्यं आहेत. सांडपाण्याच्या नाल्यातली कधीच घ्यायची नाही, ही वेल पाण्यातले जड धातू अंगात साठवते. आणि कच्ची खायची नाही, कारण पाणवनस्पतींच्या देठावर कृमींच्या पुटी चिकटलेल्या असू शकतात. दोन-तीन पाण्यातून धुवा, नीट शिजवा. वरची वीतभर कोवळी टोकं घ्या, जून देठ दोऱ्यासारखे लागतात. बाकी कृती मेथीसारखीच: तेलात भरपूर लसूण, सुकी मिरची, देठ आधी, पानं मागून. देठ किंचित करकरीत असताना उतरवायचं. चव पालकाच्या जवळची, पण पालकाहून साधी.

फांद, शास्त्रीय नाव रिव्हिया हायपोक्रॅटेरिफॉर्मिस, काही भागांत फांजी किंवा फांग. ही मला नाळीपेक्षा जास्त आवडते. बांधावरच्या झुडपांवर चढलेली असते. पावसाच्या सुरुवातीला येणारी कोवळी पानं घ्यायची, उकळत्या पाण्यातून काढून पिळायची, बारीक चिरून भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परतायची. आमच्याकडे पानं सबंध ठेवून बेसनात बुडवून भजीही करतात. त्यात फांदीची चव कमी आणि तेलाची जास्त, पण संपतात मात्र सगळ्यात आधी. पहिल्यांदा खाताना वाटीभरच खा. कुठलीही रानभाजी पहिल्या दिवशी पोटभर खायची नसते.

उंदीरकानी जमिनीलगत पसरणारी. पान उंदराच्या कानाएवढं, लांबीपेक्षा रुंदी जास्त, मूत्रपिंडाच्या आकाराचं. फूल बारीक पिवळं. संस्कृतातलं नाव आखुपर्णी, अर्थ तोच, उंदराच्या कानासारखं पान. परंपरेत ती जंतांवर सांगितलेली आहे. नवखे लोक हिला हटकून ब्राह्मी समजतात. ब्राह्मीच्या पानाची कडा दातेरी आणि फूल इवलंसं, पानाआड दडलेलं. उंदीरकानीला पिवळं नरसाळं येतं, मग वाद मिटतो.

या भाज्या शिकायच्या असतील तर पुस्तकापेक्षा आठवडी बाजार बरा. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात, तिथे आणणाऱ्या बायकांना विचारा. "ही कशी करायची?" याचं उत्तर सगळ्याच देतात. तुम्ही मात्र "हिच्यासारखी दिसणारी, पण न खायची कुठली?" हेही विचारा. खरं ज्ञान या दुसऱ्या उत्तरात असतं.

पाचवी पायरी: ज्या बघायच्या, घ्यायच्या नाहीत

या कुळाच्या चिकात आणि मुळांत राळेसारखी द्रव्यं असतात आणि ती आतडं ढवळून काढतात. जगभर या वेलींचा औषधी उपयोग जुलाबासाठी होत आला, त्याचं कारण हे.

आपल्याकडची मानाची वेल म्हणजे निशोत्तर, संस्कृतात त्रिवृत्, शास्त्रीय नाव ऑपरक्युलिना टर्पेथम. ओळखायला सोपी: खोडाला कोन आणि पंखासारख्या कडा, फूल पांढरं. फळ सुकलं की भिंगातून बघा, वरचा भाग टोपणासारखा गोल सुटून येतो आणि आतल्या काळ्या बिया दिसतात. ऑपरक्युलिना हे नावच त्या झाकणावरून पडलं. चरकसंहितेत सुखाने रेच घडवणाऱ्या द्रव्यांत त्रिवृताला श्रेष्ठ म्हटलंय आणि कल्पस्थानात तिच्यासाठी स्वतंत्र अध्याय दिलाय. तिचे दोन प्रकार मानतात. लालसर मुळाची सौम्य आणि काळ्या मुळाची, म्हणजे श्यामा, तीव्र. मुळाच्या मधला लाकडी गाभा काढून फक्त साल वापरायची अशी रीत आहे.

तुमच्या घरात ही कदाचित आहेसुद्धा. आम्लपित्तावर घेतात त्या अविपत्तिकर चूर्णाचा जुना पाठ बघा: सुंठ-मिरी-पिंपळी, त्रिफळा वगैरे अकरा द्रव्यं एकेक भाग, लवंग ११ भाग, निशोत्तर ४४ भाग आणि साखर ६६ भाग. साखर सोडली तर चूर्णात सगळ्यात जास्त निशोत्तरच. ते चूर्ण घेतल्यावर पोट का साफ होतं, याचं उत्तर त्या ४४ भागांत आहे. पण म्हणून बांधावरची मुळी उपटून उगाळू नका. मात्रा चुकली तर शरीरातलं पाणी जातं. गरोदर बायका, लहान मुलं, अशक्त माणसं यांनी तर लांबच राहावं. हे काम वैद्यांचं.

काळादाणा म्हणजे निळ्या गारवेलीचं बी. काळं, तीन धारांचं, पेरूच्या बीपेक्षा पुष्कळ मोठं. हेही रेचकच. मेक्सिकोतून येणाऱ्या जलाप नावाच्या औषधी मुळाला ब्रिटिश काळात इथला पर्याय म्हणून हे वापरलं गेलं, आणि जलापही आयपोमियाच होती. घोळ नावाचा आहे: स्वयंपाकातल्या कलौंजीलाही कुणी काळा दाणा म्हणून जातं. पुडीवर नुसतं तेवढंच नाव असेल तर फोडणीत टाकण्याआधी एक दाणा हातात घेऊन बघा.

समुद्रशोक, संस्कृतात वृद्धदारुक, शास्त्रीय नाव आर्जिरिया नर्व्होसा. मुळी आयुर्वेदात रसायन, म्हणजे बळ देणारं औषध, म्हणून येते. गावाकडे पानाचा वापर गळवावर: लोकरीची बाजू लावली की गळू पिकतं आणि फुटल्यावर गुळगुळीत बाजू लावली की भरतं, असं सांगतात. एकाच पानाच्या दोन बाजूंना दोन कामं वाटून देणाऱ्या माणसाच्या नजरेचं मला कौतुक वाटतं. तरी उघड्या जखमेवर धुळीतलं पान बांधण्याचा सल्ला मी देणार नाही. बियांचं प्रकरण वेगळं. त्यांत लायसर्जिक आम्लाचं अमाइड असतं, एलएसडी या नशेच्या द्रव्याच्या जवळचं. मेक्सिकोतले आदिवासी विधींसाठी तिथल्या गारवेलींच्या बिया वापरत. त्यांच्यात हीच द्रव्यं आहेत हे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी १९६० मध्ये दाखवलं. समुद्रशोकाची बी इंटरनेटवर हवाई बेटांचं नाव लावून नशेसाठी विकतात, वेल मात्र भारतातली. ओकाऱ्या, घाबरगुंडी, रक्तवाहिन्या आकसणं हे सगळं त्या बियांबरोबर येतं. घरी वेल लावली असेल तर बोंडं मुलांच्या हाताला लागणार नाहीत असं बघा.

अमरवेल या कुळात बसते यावर पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही. पान नाही, मूळ नाही, नुसते पिवळे दोरे. पण ती कस्क्युटा, याच घराण्यातली. बोरी-बाभळीवर चढते आणि यजमान झाडात शोषकं खुपसून त्याचाच रस पिते. औषधाला म्हणून कुणी तोडून दिली तर कुठल्या झाडावरची हे विचारा. कण्हेरीवर वाढलेली अमरवेल कण्हेरीचं विषही ओढून घेऊ शकते.

सहावी पायरी: शंखपुष्पीचं कोडं

बुद्धीसाठी शंखपुष्पी, हे सगळ्यांना पाठ. पण कुठली? भारताच्या आयुर्वेदिक औषधकोशाने कन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस धरली आहे: जमिनीवर पसरलेली, केसाळ, पांढऱ्या ते फिकट गुलाबी फुलांची. अनेक ठिकाणी त्या नावाने विष्णुक्रांत वापरतात. तिची फुलं नखाएवढी आणि इतकी निळी की माळावर आकाशाचे तुकडे सांडल्यासारखी दिसतात. केरळात याच नावाने गोकर्ण चालतं आणि ते तर या कुळातलंही नाही. केरळात पवित्र मानलेल्या दहा वनस्पतींत, म्हणजे दशपुष्पांत मात्र विष्णुक्रांत आणि आमटीवेल या दोघी गारवेलीच्या गोतातल्या मानाने बसल्या आहेत.

माळावर तुम्हाला "शंखपुष्पी" दिसली तर पहिल्या पायरीत सांगितलेलं भिंग काढा. निळं फूल आणि चार टोकांत फाटलेले दांडे म्हणजे विष्णुक्रांत. एक दांडा, टोकाला दोन जिभा, फूल पांढरट म्हणजे कन्व्हॉल्व्ह्युलस. वहीत "शंखपुष्पी" एवढंच कधी लिहू नका.

सातवी पायरी: किनाऱ्यावर

कोकणात गेलात तर भरतीची रेघ संपते तिथून वर बघा. वाळूवर लांबच लांब दोर पसरलेले, पान थेट आपट्याचं, फूल गुलाबी-जांभळं. ही मर्यादवेल, आयपोमिया पेस-कॅप्री. समुद्राने इथवरच यायचं, अशी तिने मर्यादा आखली म्हणून हे नाव. लॅटिन नावाचा अर्थ बकरीचा पाय, पानाच्या दोन खुरांवरून. पेरापेरांवर मुळं धरून ती वाळूला शिवण घालते. तिच्या आधाराने वाळूचे ढीग टिकतात आणि मागच्या माडांना आडोसा मिळतो. बिया खाऱ्या पाण्यावर तरंगत जातात आणि दूरच्या किनाऱ्यावर रुजतात, म्हणून उष्ण प्रदेशातल्या बहुतेक किनाऱ्यांवर ही सापडते. पाल्याचा लेप सांधेदुखीवर आणि जेलीफिशच्या डंखावर लावायची रीत अनेक किनाऱ्यांवर आहे. डंख मोठा असेल तर पाला शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

इथली वेल उपटू नका. वाळूचे ढीग किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वाधिक संरक्षित गटात येतात. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर काहीच तोडायचं नाही, अगदी बीसुद्धा. गावाच्या हद्दीत काही विचारायचं असेल तर ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही आहे का ते विचारा. कुठली वनस्पती गावात कशासाठी वापरतात हे त्यात नोंदवलेलं असतं. काही गावांत ती नीट भरलेली मिळते, काही गावांत कपाटाची किल्ली मिळत नाही.

घरी लावायची तर

निशोत्तर किंवा फांद बियांपासून येते. बीचं कवच टणक असतं, म्हणून एका बाजूला कानशीने किंवा खरखरीत कागदाने जरासं घासायचं, रात्रभर पाण्यात ठेवायचं, सकाळी फुगलेली तेवढीच पेरायची. न फुगलेली पुन्हा घासायची. नाळीला बीही नको, बाजारच्या जुडीतलं पेर असलेलं देठ ओल्या मातीत खोचलं की आठवड्यात मुळं धरतं. फक्त ते पुढे ओढ्यात-तळ्यात फेकू नका.

चढणाऱ्या वेलीला काठी दिलीत की तिला तुमच्या मनाने उलटं गुंडाळून बघा. समोरून पाहिलं तर या वेली डावीकडून वर उजवीकडे चढतात. तुम्ही उजवीकडून डावीकडे गुंडाळून सुतळीने बांधा आणि शेंडा मोकळा ठेवा. एक-दोन दिवसांत सुतळीच्या वरचा शेंडा काठीपासून सुटून, पुन्हा आपल्या बाजूने वळसा घेऊन वर निघालेला दिसेल.